पुनर्विकासाआधीची व्हीआर-चाचणी : लोक जागा कशी वापरतील हे नीट पाहायचं कसं

सोसायटीच्या ऑफिसात टेबलावर व्हीआर (आभासी जागा दाखवणारा) हेडसेट ठेवलेला असतो. सभासद रांगेनं येतात, तो डोक्यावर चढवतात, दोन मिनिटं नव्या फ्लॅटमध्ये इकडेतिकडे बघतात. मग ‘कसं वाटलं?’, ‘छान!’ आणि पुढचा नंबर. अहवालात मात्र लिहिलं जातं की व्हीआर वापरून रहिवाशांचा कल जाणून घेतला. खरं तर झालेला असतो फेरफटका. माणूस ओट्यापाशी कसा उभा राहतो, फ्रिजचं दार उघडल्यावर कुठे सरकतो, बेल वाजली की कुठून जातो, पाहुण्यांसमोर स्वयंपाकघर उघडं राहिलेलं त्याला चालतं का, यातलं काहीच त्यातून कळत नाही.

हा लेख आर्किटेक्ट, प्रकल्प सल्लागार, वास्तुकलेचे विद्यार्थी आणि स्वयंपुनर्विकास करणाऱ्या समित्या यांच्यासाठी आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकच धरलंय. २ बीएचके फ्लॅटच्या स्वयंपाकघराचे तीन आराखडे आहेत. ‘क’मध्ये पूर्ण बंद खोली आहे, ‘ख’मध्ये हॉलकडे अर्धी भिंत आहे आणि ‘ग’मध्ये भिंतच नाही. जोडीला तळमजल्यावर सगळ्यांसाठी बसायची जागा आहे.

## टप्पा १ : प्रश्न आधी, हेडसेट नंतर

कागदावर एक वाक्य लिहा: ‘अमुक निकाल आला तर नकाशात तमुक बदल करू.’ हे वाक्य लिहिता येत नसेल तर चाचणी घेऊ नका. ‘लोकांना काय आवडतं ते बघू’ हा प्रश्न होत नाही. ‘बंद स्वयंपाकघरात दोघं एकमेकांना न अडखळता काम करतात का, आणि उघड्या स्वयंपाकघरात माणसं पसारा लपवायला धडपडतात का’ हा होतो.

व्हीआर काय दाखवू शकतं याला मर्यादा आहेत. जागा अडचणीची वाटते का, कुठून काय दिसतं, आडोसा पुरतो का, वस्तू कुठे ठेवाव्याशा वाटतात, बसायला कोणता कोपरा निवडला जातो, हे चांगलं कळतं. फोडणीचा धूर आणि वास, मे महिन्यातला उकाडा, पावसाळ्यातली ओल, फरशीचा निसरडेपणा हे कळत नाही. उजेडाचं प्रमाणही कळत नाही. हेडसेटच्या पडद्याची प्रखरता खऱ्या उन्हाच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे ‘खिडकीतून डोळ्यांवर ऊन येतं का’ हा प्रश्न व्हीआरमध्ये विचारणंच चूक. उघड्या स्वयंपाकघराचा निर्णय तर निम्मा वासाशी बांधलेला असतो. तेवढा भाग मुलाखतीत वेगळा विचारा आणि अहवालात वेगळा लिहा.

तिन्ही पर्याय बांधता येण्याजोगे हवेत. कॉलम, बीम, डक्ट आणि ड्रेनेजची उभी लाइन जिथे आहे तिथेच राहणार. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं आधीच नाकारलेली भिंत काढून लोकांना दाखवलीत, तर पुढचं वर्षभर ‘तेव्हा दाखवलं होतं ते कुठे गेलं?’ हे ऐकावं लागेल, आणि ते बरोबरही असेल.

सावधान : व्हीआरमधली पसंती म्हणजे संमती नव्हे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ७९अ खाली पुनर्विकासासाठी सभा आणि ठराव यांची पद्धत ठरलेली आहे. चाचणीच्या कागदावरची सही तिथे जोडायची नाही, आणि तसा समजही होऊ द्यायचा नाही.

## टप्पा २ : मॉडेल

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या दिसत नाहीत म्हणून जास्त नडतात.

मापं. व्हीआर मॉडेल ज्यांत चालवतात त्या सॉफ्टवेअरपैकी युनिटीमध्ये एक एकक म्हणजे एक मीटर, अनरियलमध्ये एक सेंटिमीटर. शंभरपटीची चूक झाली तर लगेच लक्षात येते. पाच टक्क्यांची येत नाही. तिचं नेहमीचं कारण म्हणजे भिंतींच्या मध्यरेषेवरून काढलेला नकाशा तसाच उचलणं. स्वयंपाकघर मध्यरेषेपासून मध्यरेषेपर्यंत २१०० मिमी रुंद आहे, भिंत १०० मिमीची आणि आतून १२ मिमी प्लास्टर, असं समजा. आतली खरी रुंदी १९७६ मिमी उरते. त्यात ६०० मिमीचा ओटा आणि समोर ६८० मिमी खोल फ्रिज ठेवा. कागदावर मधे ८२० मिमी वाट दिसते, प्रत्यक्षात जेमतेम ७०० मिमी मिळते. ८२० मिमीत ओट्याशी उभ्या माणसाच्या मागून दुसरं कुणी अंग चोरून जाऊ शकतं, ७०० मध्ये उभ्या माणसाला सरकावं लागतं. तुमचा अख्खा प्रश्न या १२ सेंटिमीटरांत आहे. म्हणून मॉडेल नेहमी तयार पृष्ठभागांवरून उभं करा. ओट्यामागच्या भिंतीवरची (डॅडोची) टाइलही धरा.

सामान. रिकामी खोली दाखवू नका, आणि सॅम्पल फ्लॅटमधलं आखूड फर्निचर तर मुळीच नको. पलंग ६ बाय ६.५ फुटांचा, म्हणजे १.८३ बाय १.९८ मीटर. लोखंडी कपाट, वॉशिंग मशीन, मिक्सर, वॉटर प्युरिफायर, गॅस सिलिंडर, तांदळाचा डबा, कपडे वाळत घालायची दोरी, दाराशी चपला. चार-पाच घरांत जाऊन टेपनं मापं घ्या आणि फोटो काढा. दरवाजे, फ्रिज आणि ड्रॉवर उघडणारे हवेत. दार उघडलं की किती जागा जाते, यावरच स्वयंपाकघर चालतं किंवा अडतं.

सारखेपणा. तीन पर्यायांत फरक फक्त त्या भिंतीचा असावा. टाइलचा रंग, पडदे, दिवे, सामान, खिडकीबाहेरचं दृश्य सगळं एकच. एका पर्यायात कुंडी ठेवलीत तर लोक कुंडीला मत देतील. गुळगुळीत, चकचकीत रेंडरपेक्षा थोडं साधं पण तिन्हीकडे सारखं मॉडेल चांगलं. छायाप्रकाश आधी बेक करत असाल (म्हणजे आधीच मोजून पृष्ठभागांवर कायमचा उमटवत असाल) तर प्रत्येक पर्यायासाठी नव्यानं बेक करा. भिंत काढून जुनीच सावली ठेवली की जमिनीवर न दिसणाऱ्या भिंतीची सावली पडते आणि माणसं तिथे नकळत थबकतात.

सूर्य. मॉडेलमध्ये गावाचा अक्षांश आणि उत्तर दिशा भरा. सॉफ्टवेअरचं मूळ ठिकाण बहुधा दूर उत्तरेतलं असतं, आणि तिथे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेलाच असतो. पुणं साधारण १८.५ अंश उत्तरेला आहे. इथे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, आणि २१ डिसेंबरला दुपारी दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर. चाचणीत सगळ्यांसाठी एकच तारीख आणि एकच वेळ ठेवा.

वेग. प्रतिमा सेकंदाला किमान ७२ वेळा बदलली पाहिजे, म्हणजे प्रत्येक प्रतिमेला १३.९ मिलिसेकंद मिळतात. संगणकाशिवाय चालणाऱ्या हेडसेटवर एका नजरेत येणारे त्रिकोण (मॉडेलचे पृष्ठभाग ज्यांचे बनतात ते) साधारण पाच लाखांच्या आत ठेवा. नळ, कुंड्या आणि तयार मिळणारी भांडी हेच सगळ्यात जड असतात. आरसे काढून टाका.

तपासणी : कंट्रोलर (हेडसेटसोबत हातात धरायचं बटणांचं साधन) खऱ्या जमिनीवर ठेवा. व्हीआरमध्ये तो फरशीला टेकलेला दिसला पाहिजे. तरंगत असेल किंवा फरशीत रुतला असेल तर जमिनीची पातळी पुन्हा लावा. ५ सेंटिमीटरांची चूक झाली तर ओटा कुणाला ठेंगणा वाटतो, कुणाला उंच, आणि तुम्ही ते पसंतीच्या रकान्यात लिहून टाकता.

## टप्पा ३ : हेडसेट, खोली आणि एक खरं टेबल

स्वतंत्र चालणारा हेडसेट पुरतो. मेटा क्वेस्ट ३ सारख्या हेडसेटमध्ये डोळ्यांच्या बाहुल्यांचा माग घेतला जात नाही, फक्त डोकं कुठे वळलं ते कळतं. त्यामुळे ‘काय पाहिलं’ असं लिहायचं नाही, ‘तोंड कुठे होतं’ असं लिहायचं. नजरेचाच अभ्यास करायचा असेल तर ती सोय असलेला हेडसेट घ्या. तो भिंतींच्या अभ्यासाला लागत नाही.

खोलीत मोकळी ३ बाय ३ मीटर जागा हवी. एवढ्यात आपलं स्वयंपाकघर एकास एक प्रमाणात मावतं, म्हणजे माणूस खऱ्या पायांनी चालू शकतो. हे फार महत्त्वाचं आहे. बटण दाबून एका जागेवरून दुसरीकडे उडी मारायची सोय दिली, तर चालण्याच्या वाटेचा अभ्यास तिथेच संपला. अरुंद वाटेचा त्रास होणारच नाही, कारण माणूस त्या वाटेनं गेलाच नाही. उडीची सोय फक्त तळमजल्याच्या चाचणीत ठेवा. तिथे प्रश्न कोणत्या बाकावर बसतात एवढाच आहे. कंट्रोलरच्या काडीनं सरकत जाण्याची सोय दोन्हीकडे बंद ठेवा. मळमळ सगळ्यात जास्त त्यानंच होते.

व्हीआरमध्ये माणसाला अंग नसतं, हे लोक विसरतात. ३० सेंटिमीटरच्या फटीतूनही तो खुशाल निघून जातो. त्यासाठी सहभागी व्यक्तीभोवती ५० सेंटिमीटर व्यासाचा अदृश्य दंडगोल लावा. तो भिंतीला किंवा सामानाला लागला की हलका ‘टक्’ आवाज यावा आणि नोंद व्हावी. हे टक् किती वेळा झाले, यासारखा उपयोगी आकडा दुसरा मिळत नाही.

ओट्याच्या जागी खरं टेबल ठेवा. जेवणाचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं. पायांखाली १० सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे दिले की ८५ सेंटिमीटरचा ओटा तयार. माणसाचा हात खरोखर कशावर तरी टेकला की चालणं, वळणं, वाकणं सगळं बदलतं. टेबलाचे चारही कोपरे कंट्रोलरनं शिवून बघा. खरा कोपरा आणि दिसणारा कोपरा यांत २ सेंटिमीटरांहून जास्त फरक असेल तर पुन्हा जुळवा. ठोकळे घट्ट बसवा, कारण लोक टेकणारच.

खोलीबद्दल चार गोष्टी:

- खोली उजेडात हवी, पण थेट उन्हात नको. हेडसेटच्या भिंगांवर ऊन पडलं तर आतला पडदा कायमचा जळतो. ब्रेकमध्ये तो खिडकीत ठेवायची सवय असेल तर सोडा.
- कोऱ्या पांढऱ्या भिंती आणि मोठे आरसे यांमुळे हेडसेटला जागा ओळखता येत नाही. भिंतीवर दोन-तीन रंगीत पोस्टर लावा.
- क्वेस्ट ३ ची बॅटरी सुमारे दोन तास चालते. दोन हेडसेट किंवा एक पॉवर बँक हवीच. वीज गेली तरी सत्र थांबता कामा नये.
- पंखा चालू असू द्या, पण त्याची दिशा बदलू नका. वाऱ्याच्या झोतावरून लोकांना खऱ्या खोलीची दिशा कळत राहते.

## टप्पा ४ : काम द्या, मत विचारू नका

प्रत्येक पर्यायात तीच तीन कामं, त्याच शब्दांत. शब्द कागदावर लिहून ठेवा आणि वाचून दाखवा.

१. ‘भाजीची पिशवी दाराशी आहे. ती आत आणा, भाजी धुवा, कुकर लावा. मधे मी काही बोलणार नाही.’

२. कुकर लावत असताना बेल वाजते. ‘पाहुणे आलेत. हॉलमध्ये बसलेत. त्यांना पाणी द्या.’ हॉलमध्ये बसलेली दोन माणसं मॉडेलमध्ये ठेवा. ‘ख’ आणि ‘ग’मध्ये त्यांची तोंडं ओट्याकडे असू द्या. सिंकमध्ये खरकटी भांडी असू द्या, आणि ती झाकता किंवा हलवता येतील अशी ठेवा. पाणी द्यायच्या आधी किती जण भांडी लपवतात, हे उघड्या स्वयंपाकघराबद्दल पन्नास प्रश्नांपेक्षा जास्त सांगून जातं.

३. ‘या चार वस्तू तुम्हाला हव्या तिथे ठेवा: फ्रिज, वॉटर प्युरिफायर, देव्हारा, केराचा डबा.’ चालेल-न चालेल असं काही सुचवू नका. देव्हारा ठेवायला जागा न सापडल्यामुळे आराखडा नापसंत होणं अगदी शक्य आहे, आणि ते इतर कोणत्याही प्रश्नातून बाहेर येत नाही.

वस्तू उचलायला एकच बटण पुरे. ज्येष्ठांना दोन बटणं दिलीत तर तुम्ही स्वयंपाकघर तपासत नाही, कंट्रोलर तपासता.

तळमजल्यासाठी एकच काम: ‘तुमची रिक्षा यायला दहा मिनिटं आहेत. कुठे थांबाल?’ सहा जागा ठेवा. काही लिफ्टसमोर, काही भिंतीला पाठ लागेल अशा, एक वॉचमनच्या खुर्चीजवळ. एकदा सगळं रिकामं आणि एकदा मधल्या बाकावर अनोळखी माणूस बसलेला. दुसऱ्या वेळी निवड बदलली तर ती जागा आवडीची नव्हती, फक्त जवळची होती.

चूक : ‘ही भिंत काढल्यामुळे किती मोकळं वाटतंय, नाही का?’ असं सत्र घेणाऱ्यांपैकी कुणी बोललं की त्या सत्राची नोंद बाजूला काढायची. ‘मोकळं’, ‘आधुनिक’, ‘पारंपरिक’ हे शब्द कामाच्या कागदावर नकोत.

## टप्पा ५ : माणसं आणि क्रम

दर घरातून सही करणारा सभासद बोलावला, तर स्वयंपाकघराची चाचणी बहुधा स्वयंपाक न करणाऱ्या माणसावर होते. घरात रोज स्वयंपाक करणारी व्यक्ती, ज्येष्ठ, आणि तिथे काम करणाऱ्या मावशी तिघंही हवेत. मावशी दिवसातून चार घरांच्या ओट्यांशी उभ्या राहतात. त्यांच्याइतकं ओट्याचं ज्ञान आर्किटेक्टलाही नसतं. त्यांच्या वेळेचे पैसे द्या, आणि मालकीणबाईंच्या समोर सत्र घेऊ नका. व्हीलचेअर वापरणारं कुणी असेल तर त्यांना शेवटी ‘जमलं तर’ म्हणून नाही, पहिल्याच यादीत घ्या. चाक वळायला १५०० मिमीचं वर्तुळ लागतं, आणि ते खऱ्या खोलीतही मोकळं हवं.

फिट येण्याचा त्रास, चक्कर, नुकतंच झालेलं डोळ्यांचं किंवा कानाचं ऑपरेशन, गरोदरपण, पेसमेकर यांपैकी काही असेल तर हेडसेट नको. त्यांना तोच आराखडा मोठ्या स्क्रीनवर दाखवा आणि नोंद वेगळी ठेवा. अठराखालच्या मुलांना या अभ्यासात घेण्याचं कारणच नाही.

एकूण २४ जण घ्या. तीन पर्यायांचे सहा क्रम होतात: कखग, कगख, खकग, खगक, गकख, गखक. प्रत्येक क्रमाला चार माणसं. हे आधीच कागदावर वाटून टाका, आयत्या वेळी ठरवू नका. सगळ्यांना ‘ग’ शेवटी दाखवला तर तोपर्यंत हात सरावलेला असतो, आणि ‘ग’ सोपा वाटण्याचं श्रेय भिंतीला मिळतं.

संमतीपत्र मराठीत, मोठ्या अक्षरांत, एका पानात. काय नोंदवणार, कुठे ठेवणार, कधी पुसणार, मधेच थांबलात तरी चालेल, हे सगळं त्यात हवं. हालचालींच्या नोंदीसुद्धा माणसाची ओळख सांगू शकतात, म्हणून २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लक्षात ठेवूनच कागद करा. फाइलवर फ्लॅट नंबर नको, फक्त क्रमांक.

## टप्पा ६ : ओळखीच्या जागेवर खात्री

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. जुन्या इमारतीची सध्याची प्रवेश-लॉबी मोजून तिचं मॉडेल करा. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ बसून लोक खरोखर कुठे थांबतात ते कागदावर खुणा करून नोंदवा. मग वेगळ्या सहा जणांना तीच लॉबी व्हीआरमध्ये द्या आणि तेच रिक्षाचं काम सांगा. खुणा साधारण जुळल्या तर पुढे जा. जुळल्या नाहीत तर काहीतरी राहिलंय. बरेचदा ते साधं असतं: पंख्याखालची जागा, मोबाइलची रेंज मिळणारा कोपरा, कुत्री बसतात ती पायरी. यातलं जे मॉडेलमध्ये घालता येईल ते घाला, जे येणार नाही ते मर्यादांमध्ये लिहा.

यानंतर तीन जणांवर पूर्ण रंगीत तालीम घ्या. त्यांचे निकाल मोजायचे नाहीत. तालमीत नोंदींची फाइल उघडून बघाच. सत्र संपल्यावर फाइल कोरी निघणं हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात टाळता येण्याजोगा घोटाळा आहे.

सेकंदाला दहा नोंदी पुरतात. रकाने असे: सहभागी क्रमांक, पर्याय, काम, वेळ, जागा, डोक्याची दिशा, समोरची वस्तू, घटना. सहा मिनिटांच्या एका फेरीत ३,६०० ओळी होतात. त्याहून बऱ्याच कमी असतील तर मॉडेल अडखळत चाललंय.

## टप्पा ७ : प्रत्यक्ष सत्र

एका माणसाला साधारण ५० मिनिटं धरा. त्यात सराव सोडून हेडसेट डोक्यावर २० मिनिटांहून जास्त नको, आणि सलग ७ मिनिटांहून जास्त नको.

चढवण्याआधी. चष्मा असेल तर चष्म्याची जागा करणारी पट्टी आतून लावा. अंबाडा असेल तर मागचा पट्टा त्याच्या खाली घ्या, वर दाबू नका. गजरा आणि टोकदार पिना काढायला सांगा. तेल आणि कुंकू यांसाठी कपाळाच्या स्पंजवर दर माणसाला नवं कापडी आवरण. पदर खोचलेला असू द्या, चपला बाहेर. भिंगं फक्त कोरड्या मायक्रोफायबर कापडानं पुसायची. सॅनिटायझर लावला तर ती कायमची धुरकट होऊ शकतात. दोन भिंगांतलं अंतर प्रत्येकासाठी नव्यानं जुळवा. अक्षरं धूसर दिसत असतील तर लोक सांगत नाहीत, आपलाच चष्मा जुना झाला असं समजून गप्प बसतात. म्हणून आत एक मराठी वाक्य दाखवा आणि मोठ्यानं वाचायला सांगा.

आधीची प्रश्नावली. मळमळ, डोकेदुखी, डोळ्यांवर ताण यांसाठी १९९३ पासून वापरात असलेली १६ लक्षणांची सिम्युलेटर सिकनेस प्रश्नावली भरून घ्या आणि शेवटी पुन्हा भरा. आधीची नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ नाही. उपाशीपोटी आलेल्या माणसाला डोकेदुखी आधीपासूनच असू शकते.

सराव. पाच मिनिटं तिन्ही पर्यायांहून वेगळ्याच खोलीत. चालणं, वस्तू उचलणं, दार उघडणं. सराव झाल्याशिवाय खरा पर्याय उघडायचा नाही.

खोलीत कोण असावं. सहभागी, सत्र घेणारा, आणि पडू नये म्हणून बाजूला उभा राहणारा एक मदतनीस. बस. स्क्रीनवरचं चित्र बाकी कुणाला दिसता कामा नये. नाहीतर मिस्टर मागून सांगतात, ‘अगं, आधी बेडरूम बघ ना,’ आणि पुढचा माग त्यांचा असतो. सोसायटीचे अध्यक्ष, विकासक, आणि शक्य असेल तर आराखडा काढणारा आर्किटेक्ट हेही बाहेर. आराखडा ज्यानं काढला त्याच्यासमोर आपल्याकडे कुणी ‘नाही आवडला’ म्हणत नाही.

चालू असताना. गप्प राहा. ‘काय करू आता?’ असं विचारलं तर कागदावरचं वाक्य पुन्हा वाचा. चेहरा फिकट पडला, जांभया सुरू झाल्या, घाम आला की लगेच थांबवा. ‘एवढं संपवू या’ म्हणू नका.

नंतर. हेडसेट काढल्यावर सत्राचं रेकॉर्डिंग परत चालवून दाखवा आणि जिथे माणूस थांबला तिथे थांबवून विचारा: ‘काकू, इथे दोनदा मागे आलात. काय झालं होतं?’ काम चालू असताना बोलायला लावलं तर वेळेचे आकडे बिघडतात, म्हणून हे नंतर. तिन्ही पर्याय झाल्यावरच क्रम विचारा, एकेका पर्यायानंतर नाही.

सावधान : शेवटी १५ मिनिटं बसवून चहा-पाणी द्या. दुचाकीवरून लगेच निघू देऊ नका.

## टप्पा ८ : नोंदी वाचताना

प्रत्येक फेरीतली पहिली ३० सेकंदं काढून टाका. तेवढ्यात माणूस नुसता इकडेतिकडे बघत असतो, आणि ते ठेवलं तर दाराजवळची जागा सगळ्यांची आवडती ठरते.

मग तीन रकाने करा: काय केलं, काय निवडलं, काय म्हटलं. जमिनीचे ५० बाय ५० सेंटिमीटरचे चौकोन पाडून कुठे किती वेळ गेला ते रंगवा. पण रंगीत नकाशावर भाळू नका. ओट्यासमोर रंग गडद आला याचा अर्थ ती जागा आवडली असा नसतो. तिथे माणूस अडकलेलाही असू शकतो. टक् आवाजांची संख्या आणि रेकॉर्डिंग शेजारी ठेवल्याशिवाय त्या रंगाला भाषा नाही.

केलेलं आणि म्हटलेलं जुळलं नाही तर दोन्ही लिहा. ‘ग’ला पहिला क्रमांक देणाऱ्या माणसानं ‘ग’मध्येच भांडी लपवली असेल, तर त्याला बहुधा उजेड हवाय, पाहुण्यांची नजर नकोय. उत्तर ‘ख’मध्ये असू शकतं, किंवा ‘ग’च्या सिंकची जागा बदलण्यात.

आकड्यांत संयम हवा. २४ जणांत दोन पर्यायांची थेट तुलना केली आणि १८ विरुद्ध ६ असा कौल आला, तर तो निव्वळ योगायोगानं येण्याची शक्यता सुमारे २ टक्के. १७ विरुद्ध ७ आला तर ती ६ टक्क्यांच्या वर जाते. १४ विरुद्ध १० म्हणजे काहीच ठरलं नाही. तिन्ही पर्यायांच्या क्रमांकांसाठी फ्रीडमन चाचणी (त्याच माणसांनी दिलेल्या क्रमांकांची तुलना करणारी सांख्यिकी पद्धत) लावा. अहवालात टक्के लिहू नका, ‘२४ पैकी १८’ लिहा. ‘७५ टक्के रहिवाशांची पसंती’ हे वाक्य सर्वसाधारण सभेत गेलं की शे-दीडशे घरांचं मत होऊन बसतं.

मावशी, ज्येष्ठ आणि रोज स्वयंपाक करणारे यांचे आकडे वेगळे करून बघा, पण आठ-आठ जणांच्या गटांवर अशा सांख्यिकी चाचण्या चालवू नका. तिथे फक्त सांगा की कुणाला काय अडलं.

अंतरांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. हेडसेटमध्ये माणसांना अंतरं खऱ्यापेक्षा थोडी कमी वाटतात. म्हणून ‘खोली लहान वाटते’ हे एकट्या पर्यायाबद्दल आलं तर त्यावर भिंत हलवू नका. ‘क’पेक्षा ‘ख’ मोठा वाटतो, अशी तुलना मात्र वापरता येते, कारण चूक दोन्हीकडे सारखीच असते.

## टप्पा ९ : नकाशावर उतरवणं

प्रत्येक निष्कर्षासमोर मिलिमीटरमधला बदल लिहा. ‘वाट अरुंद वाटली’ याऐवजी ‘फ्रिज ड्राय बाल्कनीच्या भिंतीकडे, मोकळी वाट ७०० वरून ९०० मिमी’. बदल झालेला आराखडा पुन्हा मॉडेलमध्ये घाला आणि ज्यांना सगळ्यात जास्त टक् लागले त्या पाच-सहा जणांनाच परत बोलवा. अख्खी चाचणी पुन्हा करायची गरज नाही.

जमलं तर खालच्या पार्किंगमध्ये खडूनं एकास एक आखणी करा आणि अंतिम पर्याय टेबल-खुर्च्या मांडून चालून बघा. खर्च शून्य, आणि कुणालाही मळमळत नाही. नुसत्या वाटेच्या रुंदीचा प्रश्न असेल तर खरं म्हणजे खडूनंच सुरुवात करावी. हेडसेट तेव्हाच काढावा जेव्हा भिंतीची उंची, आडोसा आणि नजर यांचा प्रश्न असतो.

अहवालासोबत द्यायच्या गोष्टी: तिन्ही मॉडेलची मापं, कामांचे कागदावरचे शब्द, क्रमांची वाटणी, किती जणांनी मधेच थांबवलं आणि का, आणि काय तपासलंच नाही त्याची यादी. वास, उकाडा, आवाज या यादीत येतातच. कच्च्या नोंदी संमतीपत्रात लिहिलेल्या तारखेला पुसा आणि पुसल्याची नोंद समितीच्या फाइलला लावा.